गल्ल्यावरची पावती

विवाहाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की घरातील वडीलधाऱ्यांची नजर सुनेकडे वळते. औषधे, पथ्ये, तपासण्या सारे तिच्याच वाट्याला येते. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाच्या हाती दिवसभर काय असते, याचा विचार सहसा होत नाही.

दुकानातील यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवर शाई नसते. उष्णतेने अक्षरे उमटतात. त्यासाठी कागदावरील लेपात बहुधा बिस्फेनॉल ए किंवा बिस्फेनॉल एस वापरलेले असते. ही द्रव्ये बोटांना लागतात आणि त्वचेतून शरीरात जातात. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी पावती धरल्यास त्यांचे शोषण वाढते. शरीरातील हार्मोन्सच्या कार्यात ती अडथळा आणू शकतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून वजनाच्या ०.०२ टक्के वा अधिक बिस्फेनॉल ए असलेला असा कागद बाजारात आणण्यास मनाई केली आहे. एका पावतीने अपत्यप्राप्ती अडत नाही. परंतु दररोज शेकडो पावत्या हाताळणाऱ्याने सावध असावे, हे उचित.

उपाय खर्चिक नाहीत. शक्य तेथे बिल मोबाइलवर पाठवावे, कागदाचे रोल फिनॉलमुक्त मागवावेत, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. घरी उकळलेले पाणी गरम असतानाच प्लास्टिकच्या बाटलीत भरू नये. ते स्टीलच्या वा तांब्याच्या भांड्यात निवू द्यावे. सूर्यास्तापूर्वी दुकानात पोहोचणारा गरम डबाही स्टीलचाच असावा. तंबाखू, गुटखा व धूम्रपान यांची हानी तर या सर्वांहून मोठी. ती व्यसने प्रथम सुटली पाहिजेत.

पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आज केलेल्या बदलाचे फळ तीन महिन्यांनंतरच पाहावे. मात्र या उपायांच्या भरवशावर तपासणी लांबवू नये. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, अथवा पत्नीचे वय पस्तीसहून अधिक असून सहा महिने उलटले, तर पती-पत्नी दोघांनीही डॉक्टरांना भेटावे. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणही आढळते.

जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याविना कोणताही व्यापारी हिशेब मिटवीत नाही. मग सुनेवर दोष ठेवताना घरानेही एकच बाजू का पाहावी?