बिदागीविना एक दिवस

योगवर्ग किंवा नादसाधनेचे सत्र विनामूल्य घ्यायचे आणि आलेल्यांनी ऐपतीप्रमाणे एखाद्या सेवाभावी संस्थेला मदत करायची, अशी रीत शहरांत अधूनमधून दिसते. तिबेटी वाडग्यांचा नाद ऐकत पडून राहायचे आणि उठताना क्यूआर कोड स्कॅन करायचा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावकरांना याचे हसू येईल. पण हसण्याआधी गाडगेबाबा आठवावेत. त्यांच्या कीर्तनाला तिकीट नव्हते आणि त्यांना स्वतःला बिदागी नको होती. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक दशके योग फुकट शिकवत आले आहे.

आपल्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. वर्गणी, मांडव, पंगती, कीर्तनकारांच्या तारखा, सगळे चोख. नामवंतांच्या बिदागीचे आकडे मात्र हल्ली दबक्या आवाजात सांगावे लागतात. सातातले एक कीर्तन बिदागीविना झाले आणि त्या दिवशीची आरतीची ताटली शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या ‘शांतिवन’कडे गेली, तर काय बिघडेल? ऊसतोड मजुरांची आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुले तिथे शिकतात. सिंदफणेवरच्या धरणाने माजलगावला ऊस दिला, कारखाना दिला. तरी जिल्ह्यातली जोडपी उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातातच. मागे राहणाऱ्या लेकरांचा खर्च कोणी तरी उचलायलाच हवा.

योगशिक्षकांनीही २१ जूनपुरते न थांबता महिन्यातून एक वर्ग असा द्यावा. फक्त एक करू नये: ऊसतोड बाईला प्राणायामाचे महत्त्व सांगायला फडावर जाऊ नये. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या त्या बायकांना पाळीच्या दिवसांत खाडा न लागता सुट्टी हवी, आडोसा हवा, धड डॉक्टर हवा. आसने आपल्यासारख्या बसून पोट सुटलेल्यांसाठी आहेत. ती आपण करावीत आणि पैसे तिकडे पाठवावेत.

पैशाचा रस्ता मात्र सरळ असावा. देणगी संस्थेच्या खात्यात थेट जावी, पावती तिच्याच नावाची मिळावी. किती जमले, कुठे गेले, हे दुसऱ्या दिवशी मांडवातल्या फळ्यावर खडूने लिहावे. दात्यांच्या नावांचा फ्लेक्स नको. दसरा झाला की ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या भरू लागतील. सप्ताह समित्यांनी कीर्तनकारांच्या तारखा ठरवतानाच बिदागीविना दिवसाचाही ठराव करून टाकावा.