तुटताना सोने

सोन्याची तार ओढत बारीक करीत नेली, तर तिला शेवट कोठे असतो? सोनाराच्या भोकांच्या पट्टीतून ती केसासारखी निघते. प्रयोगशाळेत मात्र ती एका अणूवर येऊन ठेपते. १९९८ मध्ये ओनिशी, कोंडो व ताकायानागी या जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सोन्याच्या अणूंची रांग पाहिली, आणि हॉलंडमधील लायडनच्या गटाने विद्युतमापनावरून तीच ओळखली.

कृती साधी आहे. सोन्याचे टोक सोन्याच्याच पृष्ठभागात किंचित रुतवायचे आणि हळूहळू मागे घ्यायचे. मधली मान बारीक होत जाते. ती एका अणूएवढी झाली, की विद्युतरोध सुमारे १२,९०० ओहम भरतो, आणि ती तोडण्यास दीड नॅनोन्यूटनच्या आसपास बल पुरते. म्हणजे मायक्रोग्रॅमच्या सुमारे सातव्या हिश्श्याचे वजन!

हीच मान खारट द्रावणात बुडवली की चित्र पालटते. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड हे ऋण आयन सोन्यावर येऊन बसतात. त्यांत आयोडाइडची पकड सर्वांत घट्ट, तर फ्लोराइडची अगदी सैल. सोन्याचा विभव धन बाजूस नेला की ते अधिक दाटीने बसतात, ऋण बाजूस नेला की सुटतात. बसलेला आयन खालच्या अणूला स्वतःकडे बांधतो. त्यामुळे शेजाऱ्यांशी त्याचे नाते सैलावते आणि तो पृष्ठभागावर सहज सरकू लागतो. जाड तारेत याने काय बिघडणार? आतले असंख्य अणू तिला सावरून धरतात. एका अणूच्या मानेला ‘आत’ असे काही उरलेलेच नसते. त्यातून विद्युतप्रवाहाच्या वाटेत हाच आयन अडथळाही होतो.

तरीही परके अणू चिकटले की बंध कमकुवतच होतो, असा नियम करणे घाईचे ठरेल. चांदी एकटी असता लांब साखळी धरीत नाही. पण ऑक्सिजन मिळताच धरते, असे लायडनलाच २००६ मध्ये दिसले.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात शू व ताओ यांनी द्रावणात असे सोन्याचे सांधे हजारो वेळा जोडून-तोडून, तुटलेल्या फटीत अडकलेल्या एकेका रेणूची विद्युतवाहकता मोजली. पुढे ही रीत सर्वत्र रूढ झाली. फट कशी पडते, हे जर द्रावणातील आयनांवरही अवलंबून असेल, तर रेणूच्या नावावर मांडलेल्या आकड्यासोबत द्रावण कोणते होते आणि विभव किती होता, हेही लिहिले गेले पाहिजे. ते वगळलेला आकडा अर्धाच समजावा.