चारचौघींना कळू द्या!

आमच्या इमारतीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भिशी असते. पैसे निमित्ताला, खरी भिशी गप्पांची. गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्याच नाहीत. चिठ्ठी नेमकी त्यांच्या नावाची निघाली, म्हणून पैसे द्यायला आम्ही दोघी खाली गेलो. दार उघडले, तर वहिनींचे डोळे रडून सुजलेले. "काही नाही, जरा डोकं दुखतंय," असे म्हणता म्हणता त्या दारातच खाली बसल्या.

हकिगत अशी. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गॅदरिंगचे फोटो तिने मैत्रिणींसारखेच इन्स्टाग्रामवर टाकलेले. त्यातला तिचा चेहरा कुणीतरी उचलला, भलत्याच उघड्या शरीरावर बसवला आणि तिलाच पाठवला. "दहा हजार पाठव, नाही तर तुझ्या सगळ्या नातेवाइकांना हा फोटो जाईल." मुलीने आठ दिवस घरात अवाक्षर काढले नाही. क्लासच्या फीचे तीन हजार पाठवून दिले. अर्थातच लगेच पुढची मागणी आली. शेवटी वडिलांना कळले. त्यांनी पहिले काम काय केले असेल? मोबाईल काढून घेतला आणि कॉलेज बंद केले. म्हणजे गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला!

"ताई, तुम्हाला म्हणून सांगितलं. चारचौघांत बभ्रा झाला तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?" वहिनी म्हणाल्या.

मैत्रिणींनो, त्या अनोळखी माणसाचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. त्याच्याकडे भांडवल म्हणून एक खोटा फोटो होता. बाकीचे सारे भांडवल आपणच पुरवले होते.

हा धंदा मोबाईल आल्यावर सुरू झाला असे समजू नका. १९९२ साली राजस्थानातले अजमेर प्रकरण उघडकीस आले, तेव्हा इंटरनेट कुणी ऐकलेही नव्हते. शाळा-कॉलेजातल्या मुलींना फसवून न्यायचे, अत्याचार करायचे, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलवायचे, मैत्रिणीलाही घेऊन ये म्हणायचे. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, आपल्या जळगावातही फोटोंच्या धाकाचे असेच प्रकरण बाहेर आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. अजमेरच्या खटल्यात अनेक मुली साक्षीला उभ्याच राहू शकल्या नाहीत. उरलेल्या सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. बत्तीस वर्षे! शाळेच्या गणवेशातल्या त्या मुलींनी तोवर पन्नाशी गाठली होती. प्रत्येकीला वाटत होते की हे माझ्या एकटीवरच आले आहे. शेजारच्या बाकावरची मुलगीही त्याच नरकातून जाते आहे, हे तिला कळत नव्हते. आणि कळले तरी बोलायची सोय नव्हती.

आता फोटो धुवायला स्टुडिओ लागत नाही, फोटो काढायलाही मुलगी समोर लागत नाही. तिचा साधा साडीतला फोटो यंत्राला दिला की ते हवे तसे चित्र बनवून देते. त्यामुळे "आमची मुलगी असले फोटो काढतच नाही" ही आपली समजूत आता कुचकामी आहे. आणि समजा, तिने खरोखरच विश्वासाने कुणाला एखादा खासगी फोटो दिला असेल, तरी काय? कायदा इथे आपल्यापेक्षा शहाणा आहे. २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात बदल झाला, तेव्हा त्यात एक स्पष्टीकरण मुद्दाम घातले गेले. बाईने खासगी क्षणाचा फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणे हा गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ मध्ये तेच आहे. पुढच्याच ७८ व्या कलमात बाईचा पाठलाग येतो. इंटरनेटवरून तिच्यावर पाळत ठेवणेही त्यात धरले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-ई, ६७ आणि ६७-अ ही कलमे आहेतच. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो.

कलमे पाठ करायची गरज नाही, फक्त ती आहेत एवढे ठाऊक असले की पोलीस ठाण्यात आवाज कापत नाही. मात्र कागदावरचे कलम आपल्या पायांनी चालत येत नाही, त्याला कुणीतरी हात धरून आणावे लागते.

जुलै २०२१ मध्ये काही विकृतांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो इंटरनेटवरून उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला होता. त्या अॅपचे नावच शिवी आहे, इथे ते लिहावेसे वाटत नाही. तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले आणि सहा महिने एकालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ ला तोच घाणेरडा खेळ दुसऱ्या नावाने पुन्हा मांडला गेला. या वेळी शंभराहून अधिक स्त्रिया, पत्रकार, वकील, कार्यकर्त्या. या खेपेला त्या गप्प बसल्या नाहीत. वेगवेगळ्या शहरांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका एकाच दिवशी आपापल्या नावानिशी बोलल्या: होय, यात माझा फोटो आहे, आणि लाज मला वाटायचे कारण नाही. मुंबईत, दिल्लीत तक्रारी दाखल झाल्या, खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनीही पाठपुरावा केला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आठवड्याच्या आत अटका केल्या. आधीच्या अॅपच्या प्रकरणातला आरोपीही त्याच महिन्यात इंदूरमध्ये सापडला. सहा महिने अडलेले काम आठ-दहा दिवसांत कसे झाले? कायदा तर तोच होता.

दूरच्या मेक्सिकोतली एक गोष्ट मला फार आवडते. पुएब्ला राज्यातल्या एका लहान गावातली ओलिंपिया कोराल मेलो. अठराएक वर्षांची असताना तिचा खासगी व्हिडिओ तिच्या संमतीवाचून गावभर फिरला. कित्येक महिने ती घराबाहेर पडली नाही, जीव द्यायचाही प्रयत्न केला. घरात जेव्हा विषय फुटला तेव्हा तिची आई म्हणाली ते साधारण असे: हे सगळेच करतात, फरक एवढाच की तुला लोकांनी पाहिले, त्याने तू वाईट ठरत नाहीस. आपल्याकडच्या किती आयांच्या तोंडून हे निघेल? माझ्या तोंडून निघाले असते का, असे मी स्वतःला विचारले, आणि उत्तर द्यायला वेळ लागला. ती मुलगी त्या आधारावर उठली, तिने आपल्यासारख्याच इतर मुली गोळा केल्या आणि कायद्याचा मसुदा घेऊन राज्याच्या विधिमंडळाचे दार वाजवले. काही वर्षे हेटाळणी सोसल्यावर २०१८ मध्ये पुएब्लाने आणि २०२१ मध्ये साऱ्या मेक्सिकोने तो कायदा केला. लोक त्याला तिच्याच नावाने 'ओलिंपियाचा कायदा' म्हणतात.

आता एक कडू गोष्ट. असा फोटो गावभर नेतो कोण? तो गुन्हेगार एकदाच पाठवतो. पुढचे काम आपण करतो! "अगं, ही तीच ना? खात्री करायला पाठवते आहे," असे म्हणत फोटो बहिणीला जातो, बहिणीकडून जावेला, आणि संध्याकाळपर्यंत 'कुलस्वामिनी परिवार' नावाच्या ग्रुपवर. हळहळ व्यक्त करायलासुद्धा फोटो पुढे पाठवायला लागत नाही, आणि अश्लील चित्र पुढे पाठवणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो.

तर, दुसऱ्या मजल्यावर काय झाले ते सांगते. वहिनींची परवानगी घेऊन आम्ही आणखी चौघींना वर बोलावले. त्यांतली एक बँकेत आहे. ती म्हणाली, आधी एकही मेसेज पुसू नका. पैसे मागितल्याचे मेसेज, त्या खात्याचे नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढले. पैसे गेले होते म्हणून १९३० वर फोन केला, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. स्त्रियांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. आम्ही नाव दिले. इन्स्टाग्रामकडे तक्रार मुलीच्या मावशीने केली, कारण २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे अशी तक्रार तिच्या वतीने दुसऱ्या कुणालाही करता येते, आणि बनावट जोडलेले चित्रही त्यात धरलेले आहे. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक सोयही तिने शोधून काढली. फोटो फोनमधून बाहेर न जाता त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि या योजनेत सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात.

पोलीस ठाण्यात आम्ही सहा जणी गेलो. समोरच्या साहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारलेच, "पण तिने फोटो टाकलेच कशाला?" एकटी आई असती तर मान खाली घालून परत आली असती. सहा जणी असल्यामुळे आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकूंनी शांतपणे विचारले, "साहेब, चोरी झाल्यावर तुम्ही घर कशाला बांधलं असं विचारता का?" साहेब हसले नाहीत, पण कागद पुढे ओढला. आपल्या हद्दीत येत नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हेही काकू वाचून आल्या होत्या.

सगळ्यांत अवघड काम मात्र घरातले होते. मुलीच्या वडिलांशी बोलायला आमच्यापैकी कुणाचा धीर होईना. शेवटी काकूंचे यजमान गेले. दोघे पुरुष गच्चीवर तासभर काय बोलले ते आम्हाला कधी कळले नाही. सोमवारी मुलगी कॉलेजला गेली, मोबाईलसकट. तिनेच आपल्या वर्गातल्या मुलींना सांगून टाकले, की असा फोटो आला तर उघडू नका, मला कळवा आणि तक्रार करा. त्यावर दोघी मुली तिच्याजवळ येऊन रडल्या. त्यांनाही तसेच मेसेज आले होते.

ते खाते बंद झाले आहे. तीन हजार परत मिळालेले नाहीत, माणूसही अजून सापडलेला नाही. तक्रारीचा क्रमांक वहिनींनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवला आहे, आणि दर पंधरा दिवसांनी आमच्यातल्या दोघी जाऊन चौकशी करून येतात. या शनिवारची भिशी त्यांच्याकडेच आहे.