पाहुण्याला पेज वाढा, पण कारणासकट



चीन देशात फिरायला गेलेला पाहुणा पुष्कळदा ‘याओशान’ म्हणजे औषधी जेवणाची खाणावळ शोधतो. तिथे मंद आचेवर शिजलेला कोंबडीचा रस्सा मिळतो. त्यात आले आणि वाळवलेली लाल बोरे असतात. सकाळी भाताची पातळ पेज खाण्याचीही तिकडे जुनी रीत आहे. आधी आहाराने उपाय करावा, न भागल्यास औषध द्यावे, अशी शिकवण ७ व्या शतकातला तिथला वैद्य सुन सिमियाओ देऊन गेला.

पाहुणा तिथेच का जातो? एक तर प्रवासाने शिणलेल्या पोटाला हलके, गरम अन्न हवे असते. दुसरे, असे जेवण त्याला घरी मिळत नाही. तिसरे कारण महत्त्वाचे. ताटात काय आहे आणि या ऋतूत ते का खातात, हे तिथे त्याला सांगितले जाते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. पिटेझरीहून नागझिऱ्यात, पवनीहून कऱ्हांडल्यात आणि कोका अभयारण्यात शहरातली माणसे वाघ पाहायला येतात. त्यांच्यापुढे आपण बहुधा पनीर ठेवतो. ते तर त्यांच्या गल्लीतही मिळते! शिवाय पनीरचा पैसा गावाबाहेर जातो, धानाचा पैसा गावात राहतो.

आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचा सुवासिक भात, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बोडीतले ताजे मासे, असे ताट वाढा. उन्हाळ्यात जंगलातून तापून आलेल्याला आधी पेज द्या. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते. जवसात ओमेगा-३ जातीची चरबी असते, हेही सांगा. तांदूळ कोणत्या बांधीतला, तेही सांगा.

मात्र दोन गोष्टी पाळा. अमुक खाल्ल्याने रोग बरा होतो, असे कधीही म्हणू नका. आणि लाखोरीची डाळ गुणकारी म्हणून वाढू नका; महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडू शकतात.

पावसाळ्यानंतर जंगल उघडते. त्याआधी बचत गटाच्या भगिनींनी बसून ताट आणि दर ठरवावा, अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी आणि पिण्याचे पाणी तपासून घ्यावे. पहिल्या हंगामात चारच पदार्थ ठेवा, पण ते रोज सारखे उतरले पाहिजेत.