बाटलीबहाद्दर

वीस वर्षं बँकेत सह्या पडताळून माझा स्वभाव संशयी झालाय, असं आमची ही म्हणते. असेल बुवा. पण बाटलीतल्या चिठ्ठीनं गहिवरणाऱ्यांना एकदा माझ्या काउंटरवर बसवायलाच हवं!

१८९३ साली लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेली 'नॅरॉनिक' बोट ७४ माणसांसह नाहीशी झाली. मागाहून बाटल्या सापडू लागल्या. एका चिठ्ठीवर सही जॉन ओल्सेन, बोटीवरच्या गुरांचा राखण्या. आणि बोटीच्या यादीत या नावाचा माणूसच नाही! म्हणजे खातंच नाही, पण चेक हजर. बरं, बोट हिमनगावर आपटून बुडतेय आणि हे गृहस्थ पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं अशी वेळ घालताहेत. आमच्याकडे रजेच्या अर्जावर लोक तारीखसुद्धा घालत नाहीत.

'वाराता' तर उतारूंची बोट. जुलै १९०९ मध्ये तिनं दरबान सोडलं, केपटाऊन गाठलंच नाही. २११ माणसं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे निरोप म्हणून नाही. घरची माणसं महिनोन्महिने वाट बघताहेत आणि त्यांच्यापुढे बाटल्या येताहेत, बहुतेक बनावटच!

"अहो, गंमत केली असेल कुणी," आमचे हेडक्लार्क म्हणाले. गंमत? जिवंत माणसाची खोटी सही केली तर तुरुंग, आणि बुडालेल्याची केली तर गंमत? आमच्याकडचा भामटा निदान पैशासाठी तरी करतो. याला काय मिळालं? पेपरात नाव, तेही दुसऱ्याचं!