जेथे सांगणारा हजर नव्हता

कथालेखनाच्या वर्गात आम्ही दर वर्षी एक प्रश्न विचारतो : कोणता प्रसंग लिहिताना हात अडखळतो? रत्नागिरीतल्या मुलामुलींची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. निम्मी प्रणय म्हणतात, उरलेली मृत्यू.

प्रणयाची अडचण आम्हांस फारशी वाङ्मयीन वाटत नाही. तेथे लेखक अडतो तो लोकलज्जेपायी, फार तर कायद्यापायी. चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. धास्ती होती ती कोर्टाची. मृत्यूविषयी म्हणावे, तर मरणशय्या, गंगाजळ आणि दाटलेला कंठ हे आपल्याकडे इतक्यांदा लिहून झाले आहे की ते वाईट लिहिणे अतिशय सोपे आहे.

खरा अवघड प्रसंग आमच्या मते निराळाच आहे. तो घडला तेव्हा सांगणारा तेथे नव्हता, आणि तरीही तो सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. कोकणाला हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. कर्ता मुलगा मुंबईला. गावी म्हातारी गेली की तार जायची, आणि पावसाळ्यात बोट बंद असली म्हणजे तो घाट उतरून घरी पोचेपर्यंत चिता विझलेली असायची. (तार २०१३ साली बंद झाली. तार आली म्हटल्यावर ती वाचण्याआधीच घरात रडारड का सुरू होई, हे आता विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते.)

या प्रसंगाचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे, आणि अभ्यासक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांची आई १९१७ साली गेली. 'श्यामची आई' त्यांनी लिहिली १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. हे पुस्तक 'रडवे' म्हणून बाजूला सारण्याची रीत जुनी आहे. ती आम्हीही पाळली आहे. परंतु शेवटच्या रात्री एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

चाळिसाव्या रात्री आईची शेवटची निरवानिरव येते. श्याम तेथे नाही, तो शिक्षणासाठी परगावी आहे. तरीही तो सारे असे सांगतो, जणू उशाशीच बसला होता. आई बोलते, एकेकाची काळजी करते, आणि तिचे बोलणे कितीतरी वेळ चालते. एकेचाळिसाव्या रात्री श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. त्याच्या वाट्याला उरते ती राख. रडणे याही रात्री आहेच. पण येथे रडणाऱ्यासमोर पाहण्याजोगे, हातात घेण्याजोगे काही आहे. पुढे आईच्या मागोमाग गेलेली मथी मांजरही आहे, आणि तिच्याविषयीच्या चार ओळी आम्हांस बऱ्याच मोठमोठ्या शोकवर्णनांहून भारी वाटतात.

अनेक वर्षे आम्ही वर्गात सांगत आलो की एकेचाळिसावी रात्र साधली आणि चाळिसावी फसली, कारण मरणारे माणूस इतके बोलत नाही. हे मत आता आम्ही मागे घेतो. मरणारे माणूस इतके बोलत नाही, हे खरेच. पण येथे बोलणारा मरणारा नाही, मागाहून पोचलेला मुलगा आहे. त्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्यांकडून कळलेले असणार, आणि त्यावर पंधरा वर्षांहून अधिक काळ मनाने काम केलेले आहे. शिवाय गुरुजींनी हे सारे आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगितलेल्या गोष्टीच्या रूपात मांडले आहे. श्याम बोलत आहे आणि तो तेथे नव्हता, या दोन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी माहीत असतात. आईचे बोलणे लांबते, कारण तिने अजून थोडे बोलावे अशी मुलाची इच्छा आहे.

आमच्या खात्यांत याच्या समोर हमखास ठेवला जातो काम्यू. 'द स्ट्रेंजर' १९४२ची. तेथेही तार आहे, मुलगा उशिरा पोचतो, आणि आईचा चेहरा पाहायला नकार देतो. कोरडे डोळे म्हणजे प्रौढ, ओले डोळे म्हणजे बालिश, असा निकाल आम्ही शिक्षकच देऊन ठेवतो. आम्हांस ही दोन्ही पुस्तके एकाच अडचणीची दोन उत्तरे वाटतात. त्यांतले कोरडेपणाचे उत्तर नक्कल करायला अधिक सोपे आहे, हे वह्या तपासणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा गावी वारले. वडील डोंबिवलीत अडकलेले. त्यांनी अंत्यविधी मोबाईलवर पाहिला, तोही अर्धाच, कारण रेंज गेली. तिने यावर कथा लिहिली. गोठलेला पडदा, काळी काच, वडील चार्जर शोधतात, संपले. एकही अश्रू नाही. आम्ही वर्गात तिचे कौतुक केले.

पुढे वर्षभराने तिने त्याच कथेचा दुसरा खर्डा आणून दिला. त्यात वडील दर गणपतीला गावी जातात आणि आजोबा शेवटी काय काय म्हणाले ते जमलेल्यांना सांगतात. दर वर्षी आजोबा आणखी थोडे बोलतात. त्या वेळी प्रत्यक्ष उशाशी बसलेली आजी पडवीत नारळ खवत ते ऐकते, आणि मध्येच विचारते, "आणि मग काय म्हणाले रे?"