विश्लेषण : ब्रिटनमध्ये खिडक्या धुणाऱ्यांना घरचा आरओ मोठा का करावा लागतो?

शिडी नाही, हातात वायपर नाही, साबणही नाही. ब्रिटनमध्ये आता बहुतेक घरांच्या खिडक्या एका लांब पोकळ दांड्यानं धुतल्या जातात. दांड्याच्या टोकाला ब्रश असतो, आतून पाण्याची नळी गेलेली असते आणि खाली गाडीत पाण्याची टाकी. ब्रशनं धूळ सुटते, पाण्यानं वाहून जाते आणि काच तशीच ओली सोडून माणूस पुढच्या घराकडे वळतो. उंचीवर चढणं टाळता येत असेल तर ते टाळावं, असं तिथला २००५ चा नियम सांगतो. या पद्धतीचा प्रसार होण्यात त्या नियमाचा मोठा हात आहे.

काच पुसलीच नाही तर डाग पडत नाहीत का? साधं नळाचं पाणी वापरलं तर पडतात. म्हणूनच हा धंदा एका अर्थानं पाणी शुद्ध करण्याचा धंदा झाला आहे.

शून्य टीडीएसचा आग्रह कशासाठी?

पाण्याचा थेंब वाळला की त्यात विरघळलेले क्षार काचेवरच राहतात. आपल्याकडे बोअरचं पाणी असलेल्या घरात नळावर आणि बादलीवर जो पांढरा थर दिसतो, तोच हा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं बरंचसं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, त्यामुळे तिथं टीडीएस ३०० च्या आसपास असणं नेहमीचं. ग्लासगोला लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी मिळतं आणि ते अगदी हलकं असतं. काचेवर डाग नको असतील तर टीडीएस १० च्या खाली हवा. मुरलेले लोक शून्यच धरून चालतात.

त्यासाठी दोन टप्पे असतात. आधी आरओ, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या यंत्राचाच मोठा भाऊ. तो ९० ते ९८ टक्के क्षार अडवतो. उरलेले क्षार रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेली टाकी शोषून घेते. रेझिन संपतं आणि ते महाग असतं. ३०० टीडीएसचं पाणी थेट त्यातून सोडलं तर आरओनंतरच्या १० टीडीएसच्या पाण्यापेक्षा ते जवळपास तीसपट लवकर संपतं. ग्लासगोतला माणूस नुसत्या रेझिनवर धंदा करू शकतो, लंडनमधल्याला ते परवडत नाही. (पिण्याच्या पाण्यात मात्र थोडे क्षार असलेलेच बरे. काचेची आवड वेगळी, जिभेची वेगळी.)

मग अडतं कुठे?

सुरुवात बहुतेकांची घराच्या गॅरेजमध्ये होते. दिवसाला ४५० गॅलन क्षमतेचा छोटा आरओ भिंतीवर लावायचा, रात्रभर टाकी भरू द्यायची आणि सकाळी निघायचं. कागदावर ही क्षमता १,७०० लिटर, म्हणजे तासाला साधारण ७० लिटर. पण हा आकडा २५ अंशांच्या पाण्यासाठी आणि ठरावीक दाबासाठी असतो. पाणी एक अंश थंड झालं की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात नळाला सात-आठ अंशांचं पाणी येतं आणि हाच आरओ जेमतेम निम्मं काम करतो. ४०० लिटरची टाकी भरायला अकरा-बारा तास लागतात. एका माणसाचं कसंबसं भागतं. दुसरी गाडी घेतली की गणित मोडतं, कारण टाकी भरली नाही तर त्या दिवशीचा रोजगार गेला.

त्यामुळे पुढची पायरी म्हणजे चार इंच जाडीचा, चाळीस इंच लांबीचा मेम्ब्रेन. धंद्यात त्याला ‘फॉर्टी-फॉर्टी’ म्हणतात. त्याला पाणीही जास्त लागतं आणि दाबही, म्हणून बहुधा बूस्टर पंप जोडावा लागतो. आधीचे गाळाचे आणि कार्बनचे फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर नळातलं क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. गॅरेजमध्ये पाणी गोठलं तरी तो गेलाच.

खरा खर्च सांडपाण्याचा

छोट्या आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाणं सर्रास घडतं. नीट बसवलेल्या मोठ्या यंत्रात हे प्रमाण एकास एक करता येतं. रोज ४०० लिटर, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ५० आठवडे असा हिशेब धरला तर फरक वर्षाला दोन लाख लिटरचा पडतो. इंग्लंडमध्ये माणशी रोजचा वापर साधारण १४० लिटर आहे. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढं पाणी गटारात जातं, आणि घरी मीटर असेल तर त्याचंही बिल येतं. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली पाण्याची सरासरी बिलं २६ टक्क्यांनी वाढून वर्षाला ६०३ पौंडांवर गेली. तेव्हापासून हे गणित जास्त टोचू लागलं आहे.

नासाडी शून्यावर का आणत नाहीत? कारण क्षार कुठेतरी जायलाच हवेत. निम्मं पाणी काढून घेतलं तर उरलेल्याचा टीडीएस ३०० वरून ६०० होतो, तीन चतुर्थांश काढलं तर १,२००. मग चुना मेम्ब्रेनवरच बसू लागतो. भारतात राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये आरओ यंत्रांनी ६० टक्क्यांहून जास्त पाणी वापरात आणावं असं सांगितलं होतं, तेव्हाही अडचण हीच होती.

पाइपबंदीत काय होतं?

२०२५ च्या जुलैमध्ये यॉर्कशर वॉटर, साउथ ईस्ट वॉटर, सदर्न वॉटर आणि थेम्स वॉटर यांनी आपापल्या भागांत पाइपबंदी लावली. पाइपनं घराच्या खिडक्या धुणं हा या बंदीच्या यादीतला एक प्रकार आहे आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. व्यवसायांना सवलत देता येते, पण ती प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या हद्दीत फिरणाऱ्याला दोन्हीकडचे नियम पाहावे लागतात. दुष्काळ वाढून सरकारी आदेश निघाला तर दुकानं आणि कार्यालयांच्या खिडक्याही त्यात येऊ शकतात. छपरावरचं पावसाचं पाणी साठवून वापरता येतं आणि त्यात क्षारही कमी असतात. फक्त बंदी लागते तेव्हा पाऊसच नसतो!

यंत्र मोठं करताना आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. पाणीजोडणीच्या १९९९ च्या नियमांनुसार, आरओ किंवा मिनिटाला १२ लिटरहून जास्त पाणी खेचणारा पंप थेट नळाला जोडण्याआधी पाणी कंपनीला कळवून तिची संमती घ्यावी लागते. कंपनीनं कामकाजाच्या दहा दिवसांत नकार कळवला नाही, तर संमती मिळाली असं धरलं जातं.